इंजिन अंगणात होतं तेव्हा

माझा मुलगा कल्याणला राहतो. दोन खोल्या, सून, शाळेत जाणारी नात, कंपनीतली नोकरी, सगळं नीट आहे. कल्याण काही परदेशात नाही. आमच्या सापगावहून शहापूर, शहापूरहून आसनगाव स्टेशन, की झालंच. पण त्याचं येणं म्हणजे गणपती, शिमगा आणि कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं बारावं. मी कधी 'ये' म्हणून मागे लागले नाही. मागे लागून आणलेलं माणूस घड्याळाकडे बघत जेवतं. मला ते बघवत नाही.

गेल्या वर्षी मात्र गणपती जाऊन आठवडा झाला नसेल, तोच तो पुन्हा दारात. पुढे टेम्पो, टेम्पोला दोर, दोराला बांधलेली पांढरी मोटार आणि मोटारीत स्टेअरिंग धरून माझा लेक. मी भांडी घासत होते. राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिले.

"कोणाची रे ही?"

"आपली. घेतली."

"घेतलीस तर मग बांधून कशाला आणलीस? चालत नाय?"

"चालते. पण ऑइल खाते, निळा धूर सोडते. इंजिन खोलायला लागंल."

"म्हंजे इंजिन सोडून बाकीची गाडी घेतलीस."

टेम्पोवाला हसला. लेकालाही जरा हसू आलं, पण त्याने ते गिळलं. लहानपणापासून असाच आहे. हसला तरी कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखा हसतो.

"गॅरेजला नाय द्यायचं," तो म्हणाला. "मी स्वतः खोलनार, स्वतः बांधनार. मोबाइलवर सगळं दाखवतात. तिकडे सोसायटीत वॉचमन पाना पन काढू देत नाय. तुझं अंगण रिकामंच हाय ना."

रिकामंच हाय ना. सहज बोलला तो, मनात काही नव्हतं त्याच्या. आणि खोटंही नव्हतं. हे गेल्यावर बैल विकले, बैल गेल्यावर गोठा मोडला, आणि तेव्हापासून अंगण नुसतं झाडायला उरलं होतं. रोज सकाळी मी ते झाडते. घाण करणारं कुणी नसलं तरी झाडते.

तो माझ्याकडे आला नव्हता, अंगणाकडे आला होता. हे मला त्याच दिवशी कळलं. पण अंगण माझं, तेव्हा चहा मलाच करायचा होता. मी हात धुतले आणि चहा टाकला.

शेजारी माझी चुलत जाऊ राहते. टेम्पो जाताच ती कुंपणापाशी आली. तिला कुंपणापाशी यायला कारण लागत नाही, आणि आज तर मोठंच कारण होतं.

"पितृपक्षात कोण गाडी आणतं गो?"

"गाडी चालत आली तर ती आणली म्हणायची," मी म्हटलं. "ही ओढत आलीये."

"आता गॅरेज टाकतेस का?"

"टाकते. तुझं तोंड दुरुस्तीला आण."

अशी आमची बोलणी. तिच्या घरात सहा माणसं आहेत, तरी ती कुंपणाशी येते. मग माझं काय बोलायचं.

पुढच्या रविवारी लेक पहिल्या गाडीने आला. सागाचे तीन वासे बांधून त्याने तिवई उभी केली, वर साखळीची कप्पी अडकवली आणि इंजिन वर ओढायला घेतलं. मी साखळीचं दुसरं टोक धरलं होतं. ते वर आलं तेव्हा खालून नळ्या, वायरी लोंबत होत्या, काळं ऑइल ठिपकत होतं. अडलेल्या गाईचं वासरू हात घालून ओढून काढताना मी पाहिलंय. तसंच होतं ते, ओलं आणि जड, आणि बाहेर आल्यावर आता याचं काय करायचं असं सगळ्यांना वाटायला लावणारं.

ते एका जुन्या पाटावर ठेवलं. मग खोलणं सुरू झालं.

खोलायची एक रीत असते, ती मला हळूहळू कळली. जे आधी काढाल ते शेवटी बसतं. ज्या भोकातला बोल्ट त्याच भोकात परत गेला पाहिजे. लेक एकेक बोल्ट काढायचा आणि मागे न बघता हात पुढे करायचा. तो बोल्ट मी घ्यायचा, पुसायचा आणि तो सांगेल त्या डब्यात टाकायचा. माझ्याकडे मिठाईचे, लोणच्याचे, सुनेने दिलेले, कधी फेकले नाहीत असे डबे खूप. एकटीच्या घरात डबे साठतात. ते सगळे त्या इंजिनाला लागले.

लेकाचा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला असायचा. त्यात एक माणूस हिंदीत बोलत बोलत असंच इंजिन खोलायचा. माझ्या लेकाचं त्या माणसाशी चांगलं जमलं होतं. "थांब रे," "जरा मागे जा," "हां, हां, आता कळलं," असं तो त्याला सारखं म्हणायचा. मला म्हणायचा, "आई, पकड." आणि, "आई, सोड."

तरी मला ते चालत होतं. सकाळी सहाला जाग आली की आज रविवार का, हे आठवायची गंमत असते, ती मी विसरले होते. शनिवारी मी बोंबील भिजत घालू लागले. त्याला बोंबलाचं कालवण आवडतं. निदान आवडायचं. आता काय आवडतं ते विचारायला हवं होतं, पण जेवताना तो झिजलेल्या पिस्टन रिंगांबद्दल बोलायचा आणि मी ऐकायची. पिस्टनाला तीन कडी असतात, ती झिजली की ऑइल वर चढतं आणि जळतं, म्हणून निळा धूर. इतकं मला आता कळतं. सुनेची तब्येत कशी आहे, नातीला गणित जमतं का, हे मला कळलं नाही.

एका रविवारी वरचं झाकण, म्हणजे हेड, निघालं. दुसऱ्या रविवारी पिस्टन निघाले. आणि त्या संध्याकाळी तो आसनगावला निघून गेल्यावर मी पायरीवर बसले आणि मला एक गोष्ट एकदम लख्ख दिसली. खोलून झालं. आता बांधायचं. बांधून झालं की तो गाडीत बसणार, गाडी फाटकातून बाहेर जाणार, आणि मग पुढच्या गणपतीपर्यंत इथे कुणी येणार नाही.

मला त्याला एकच विचारायचं होतं. मग येशील का? तीन शब्द. पण ते तोंडावर आले की मी म्हणायची, "भाकरी अजून एक घे."

आठवडाभर ते सुटे भाग माझ्या ताब्यात असायचे. मी सांजेला सगळ्यावर ताडपत्री घालायची, सकाळी काढायची. गाडीत जिथून इंजिन काढलं होतं त्या खड्ड्यात कोंबडीने अंडं घातलं. तिला हाकलताना मी म्हटलं, "ही त्याची जागा हाय गो." मग माझं मलाच कसंतरी झालं. कोंबडीशीच बोलायची वेळ आली म्हणायची.

आणि आली खंडेनवमी.

आमच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं प्रत्येक अवजार धुऊन पुजतात. कोयता, विळा, पहार, कुदळ, पाटा, सुरी, शिलाईमशीन असेल तर तीही. हे होते तेव्हा ते नांगरसुद्धा घासून घ्यायचे. वर्षभर ज्यांनी राबायचं त्यांना त्या दिवशी आंघोळ, हळदीकुंकू, झेंडूचं फूल आणि सुट्टी. मी एकटी झाले तरी हे कधी चुकवलं नाही.

आता तुम्हीच सांगा. घरात कोयत्याला पूजा, विळ्याला पूजा, आणि अंगणात एवढं मोठं यंत्र काळ्या ऑइलात माखून बसलेलं. त्याला तसंच ठेवायचं? आणि माझ्या मनात दुसरंही होतं. पूजा केली म्हणजे काम निर्विघ्न होईल, आणि लेकाची मेहनत फुकट जाणार नाही. तो गाडी नेईल हे दुःख वेगळं, पण गाडी चालली पाहिजे हे मला मनापासून वाटत होतं.

तो मोठा लोखंडी ठोकळा, चार विहिरींसारखी चार भोकं असलेला, त्याला ब्लॉक म्हणतात. तो मी चार घागरी पाण्याने धुतला. भांड्याच्या पावडरने घासला. चारही विहिरींत हात घालून आतून घासल्या, अगदी चकचकीत झाल्या. मग हळदीकुंकू लावलं, फुलं ठेवली, अक्षता टाकल्या. उन्हात तो इतका सुंदर दिसत होता की मी जावेला बघायला बोलावलं.

"लगीन लागलं गो याचं," ती म्हणाली.

रविवारी लेक आला. ताडपत्री काढली आणि नुसता उभा राहिला. सुकलेली फुलं उचलली. एका विहिरीत बोट फिरवलं आणि बोट वर धरून बघत राहिला. बोट लाल झालं होतं. ते कुंकू नव्हतं. आत सगळा गंज चढला होता.

"पाणी घातलंस?"

"खंडेनवमी होती."

एका बारीक भोकातून त्याने तारेने तांदळाचा दाणा काढला. मग दुसरा काढला. ती भोकं ऑइल जायची असतात, तिथे दाणा अडकला तर इंजिन चालता चालता जळून जातं, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो उठला, पाण्याच्या विहिरीपर्यंत चालत गेला आणि कठड्याला टेकून उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं.

परत आला तेव्हा म्हणाला, "त्याला पाणी नाय चालत आई. उघडं लोखंड हाय ते. ऑइल लावून ठेवायचं असतं."

"मला काय म्हाईत रे. कोयत्याला तर काय होत नाय."

"कोयत्याला लगेच पुसतेस ना."

"हां," मी म्हटलं.

"जाऊ दे. तसं पन बोअर करायलाच, भोकं आतून तासून घ्यायलाच लागलं असतं." खरं होतं की माझ्यासाठी म्हणाला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते मी तसंच ठेवून घेतलं.

ब्लॉक टेम्पोत घालून कल्याणला गेला, लेथवाल्याकडे. आता ऐका काय झालं ते. ब्लॉक तिकडे, म्हणजे अंगणात काम नाही. काम नाही म्हणजे लेक नाही. पहिल्या रविवारी फोन आला, "आज नाय येत, लेथवाल्याने दिलं नाय." दुसऱ्या रविवारी फोनही संध्याकाळी आला. दिवाळीला एक दिवस सगळी आली, नातीने गाडीत बसून भोंगा वाजवून बघितला, आणि रात्रीच्या आत परत गेली.

भाताची कापणी त्याच दिवसांत. माझं खळं जिथे व्हायचं तिथे बिनइंजिनाची गाडी. मी मजूर बायका लावल्या आणि जावेच्या खळ्यात झोडणी केली. आपल्याच शेताचं भात दुसऱ्याच्या दारात पडलेलं बघायला कसं वाटतं, ते शेतकरीण असेल तिलाच कळेल. जाऊ म्हणाली, "हलव की ती पेटी." मी म्हटलं, "राहू दे, त्याचं काम हाय." खरं म्हणजे ती गाडी तिथे होती तोवर तो परत येणार होता. ती कशाला हलवू?

एक मात्र झालं. फोनवर तो मला कामं सांगू लागला. "आई, डब्यातल्या व्हॉल्वांना ऑइल लाव. पाणी नको." असं म्हणून तो हसला, फोनवर मला ऐकू आलं. मग एकदा म्हणाला, "तुला व्हॉल्व घासायला जमंल का? दाखवलेलं ना मी?" व्हॉल्व म्हणजे छत्रीच्या दांड्यासारखी खिळी, खाली गोल चकती. ती हेडमधल्या आपापल्या जागी घट्ट बसावी लागते. त्यासाठी मधे खरखरीत मलम लावायचं, चकतीला रबराची काठी चिकटवायची आणि ती काठी दोन तळव्यांत धरून, ताक घुसळताना रवी फिरवतो तशी मागे-पुढे फिरवायची. आधी खरखर आवाज येतो. मग आवाज मऊ होत जातो. पुरता मऊ झाला की उचलून बघायचं, कडेला एकसारखं राखाडी कडं उमटलेलं असतं.

मी आयुष्यभर घुसळलंय. दुपारच्या वेळी ओट्यावर हेड मांडीसमोर घेऊन बसायची आणि एकेक व्हॉल्व घासायची. कापणी झालेली, शेतं मोकळी, लांब मुरबाडच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचा आवाज, आणि माझ्या हातात तो खरखर आवाज. हा व्हॉल्व मऊ झाला की पुढचा. मला वाटायचं हे संपू नये. आणि मी तर ते संपवतच होते, आपल्याच हाताने.

ब्लॉक परत आला तेव्हा थंडी पडली होती. लेकाने हेड उलटं करून त्यात डिझेल ओतलं आणि कुठून गळतंय का ते बघत बसला. मी पदराचं टोक धरून उभी. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बरोबर बसलेत." आणि मग, मोबाइलकडे न बघता, माझ्याकडे बघून, "सगळे बरोबर बसलेत आई."

तेवढंच. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, जावेलासुद्धा नाही.

त्यानंतर काम भराभर झालं. नवीन पिस्टन, नवीन रिंगा. मी डबे पुढे करायची, तो बोल्ट कसायचा. दोन रविवार. तिसऱ्या रविवारी इंजिन परत गाडीत गेलं. त्याने चावी फिरवली. गाडी नुसती खाकरली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्याचा चेहरा उतरला. मला माहीत होतं की ती चालू नाही झाली तर तो पुढच्या रविवारी येईल. आणि तरी मी देवाला म्हणत होते, होऊ दे रे बाबा, होऊ दे.

एक वायर उलटी लागली होती. ती बदलली आणि गाडी सुरू झाली. धूर आला, मग धूर विरला. आवाज एका सुरात आला. जाऊ कुंपणाशी, तिची नातवंडं कुंपणावर. लेक बोनेटवर हात ठेवून उभा होता, डोळे बारीक करून ऐकत. त्याला इतका खूश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"बस आई, चक्कर मारू."

आम्ही मुरबाडच्या रस्त्याने नदीच्या पुलापर्यंत गेलो. तो हळू चालवत होता. नवीन बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर ताण द्यायचा नसतो, म्हणाला. तेवढे झाले की पहिलं ऑइल काढून टाकायचं, त्यात लोखंडाचा बारीक चुरा उतरलेला असतो. "तेव्हा येतो. अंगणातच काढू."

मी पुलावरून पाण्याकडे बघत म्हटलं, "ये."

तो गाडी घेऊन गेला. अंगणात काळ्या तेलाचा डाग राहिला, सारवण त्याच्यावर धरेना. मी मनात हजार किलोमीटर मोजत होते. कंपनीत जाऊन-येऊन किती, नातीची शाळा किती. मला त्यातलं काय कळणार, पण मोजायची. शनिवारी बोंबील भिजत घातले नाहीत. फोन आल्यावर घालू म्हटलं.

पौष सरत आला तेव्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आणि आई, ते ऑइल बदललं. घराजवळच गॅरेज हाय, चहा पिऊन होईपर्यंत झालं. चुरा काय जास्त नाय निघाला. मस्त चाललीये."

"बरं झालं," मी म्हटलं. "मस्त चालतेय ना?"

"हो. मख्खन."

"बरं झालं."

आता फोन ठेवायचा होता. त्याचं "चल मग" झालंही होतं. आणि मला कुठून ते आलं माहीत नाही, मी म्हटलं, "काम नसताना येशील का रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हंजे?" तो म्हणाला.

"म्हंजे काय नाय. अंगणात काय खोलायचं नसलं तरी. नुसता."

"येतो ना आई," तो म्हणाला. आवाज जरा वेगळा होता. "नुसतं येऊन करायचं काय पन?"

ते त्याने उलट विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. "ते बघू," मी म्हटलं.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी गाडीचा आवाज आला. तो आवाज मी हजारात ओळखते. एकटाच आला होता. हातात काही नाही, पाना नाही, मोबाइल खिशात. अंगणात उभा राहून त्याने इकडेतिकडे बघितलं. फाटकाची कडी हलवून बघितली, ती घट्टच होती. विहिरीवरचा पंप बघितला, तो चालूच होता. मग ओट्यावर येऊन बसला.

"बाकी काय?" तो म्हणाला.

"बाकी काय नाय," मी म्हटलं. "तुझं?"

"बरं चाललंय."

कोंबडी आली, गेली. मी चहा केला. आम्ही चहा प्यायलो. बोलायला काहीच मिळेना. डबे पुढे करायचे नाहीत, काही पकडायचं नाही, सोडायचं नाही. मला वाटलं, उगाच बोलावलं याला, बिचारा अवघडलाय. म्हटलं आता उठेल, आता म्हणेल टाइम झाला.

तो भिंतीला टेकला, पाय लांब केले आणि झोपून गेला. आठवडाभराची झोप असावी, तोंड उघडं टाकून झोपला. मी उशी आणली, पण डोकं उचललं तर जागा होईल म्हणून बाजूला नुसती ठेवली. कुकर लावला नाही, शिटीने उठला असता. भात पातेल्यातच टाकला. मग सूप घेऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि तांदूळ निवडत राहिले. जाऊ कुंपणाशी आली, काही बोलणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. ती पहिल्यांदाच काही न बोलता परत गेली.